तहान पिकू देणारे दातारकाका

दातारकाकांकडे गेलं की पाणी मिळत नसे.

म्हणजे मिळायचं, पण मागितल्यावर लगेच नाही. हॉलंडमधल्या टिलबर्गच्या आमच्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आम्ही पहिल्या मजल्यावर, काका चौथ्या. धापा टाकत वर पोचलं की काका हसतमुखाने दार उघडायचे, खुर्चीत बसवायचे, पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या आणून समोर ठेवायचे आणि फुलपात्र मात्र स्वतःच्या हातात धरून बसायचे.

"तहान लागलीये?"

"हो काका."

"कुठे लागलीये? घशाला, की नुसती डोक्यात?"

हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. मी अंदाजाने "घशाला" म्हटलं की आंबेवाला देठापाशी वास घेऊन बघतो तशा नजरेने ते माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. "छे! अजून पिकली नाही. थोडी पिकू दे."

पहिल्या भेटीत मी दोन मिनिटं वाट बघितली, मग उठून सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि नळाखाली तोंड धरलं. काका अजिबात रागावले नाहीत. उलट कौतुकाने म्हणाले, "ही पण एक विचारसरणी आहे. ग्रीसमध्ये तुझ्यासारखे पुष्कळ होते."

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी आणि माझा नवरा निखिल लग्नानंतर वर्षभरात पुण्याहून तिकडे गेलो होतो. निखिल टिलबर्गमध्येच एका गोदामांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बघायचा. मी रोज ट्रेनने आइंडहोवनला जायचे, आणि त्याच ट्रेनने, त्याच कंपनीत दातारकाकाही. काका तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. पुण्यातली त्यांची कंपनी बंद पडली आणि त्या वयात नोकरी मिळाली ती एकदम तिकडे, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात. यंत्र किती थरथरतं ते मोजायचं, हे त्यांचं काम. केसाच्या हजाराव्या भागाइतकं थरथरलं तरी काकांना खपायचं नाही. कंपनीत त्यांना फार मान होता. इमारतीत आणि आमच्या मराठी मंडळात मात्र लोक त्यांना जरा टाळायचे, कारण काकांना प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाचा नाद होता.

तोही सगळ्याचा नाही. सुख आणि दुःख यांचं आपसात नातं काय, एवढ्या एकाच प्रश्नाचा. बाकी विश्व कशापासून बनलं वगैरे ग्रीकांनी जे काही सांगितलं असेल ते काकांच्या लेखी बिनकामाचं होतं. आणि त्या तत्त्वज्ञांची नावं ते कधीही घेत नसत. "नावं घेतली की लोक घाबरतात, त्यांना परीक्षा आठवते," म्हणायचे. त्यामुळे आम्हाला ती सगळी मंडळी शेजारपाजारच्या माणसांसारखी माहीत होती. एक तुरुंगातले आजोबा, एक बागवाला आणि एक चैनी.

तुरुंगातल्या आजोबांवर काकांचा फार जीव. त्यांना विष देऊन मारायचं ठरलं होतं, त्या शेवटच्या दिवशी सकाळी पायातली बेडी काढली. आजोबा पाय चोळत बसले आणि समोरच्यांना म्हणाले, काय गंमत आहे बघा, बेडीने पाय दुखत होता, आता तिथेच किती बरं वाटतंय. "म्हणजे सुख आणि दुःख या दोघी सख्ख्या जावा," काका पुढे स्वतःची भर घालायचे. "एका वेळी स्वयंपाकघरात यायच्या नाहीत. पण एक येऊन गेली की दुसरी पाठोपाठ हजर."

चैनी हा निखिलचा माणूस. त्याचं म्हणणं असं, की समोर सुख आलं की घ्यावं, उद्याचं कुणी बघितलंय. निखिल आवर्जून त्याची बाजू घ्यायचा आणि काका त्याला शांतपणे सांगायचे, "तू गळकी घागर आहेस निखिल. भरत राहा."

आणि बागवाला. हा आपल्या मित्रांना घेऊन एका बागेत राहायचा. दुखत नसणं हेच सुख, असं त्याचं म्हणणं. ब्रेड आणि पाणी मिळालं की खूश, वर चीजचा तुकडा मिळाला तर सणच. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आम्ही भारतीय लोक डच जेवणाच्या नावाने रडत बसायचो, कारण तिथे दुपारी ब्रेड आणि चीज, दुसरं काही नाही. काका मात्र ताट पुढ्यात ओढून म्हणायचे, "अगं, बागवाल्याला वर्षातून एकदा मिळायचं ते तुला रोज मिळतंय." डच लोकांचंही त्यांना फार कौतुक. "या लोकांकडे सगळ्या सुखांना मिळून एकच शब्द आहे, लेकर. जेवण लेकर, ऊन लेकर, झोप पण लेकर. ग्रीकांना हा शब्द मिळाला असता तर निम्मे वाद वाचले असते."

काका नुसते बोलून थांबत नसत, प्रयोग करत. रविवारी ते मुद्दाम वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सायकल मारत दहा किलोमीटर जायचे. येताना वारा पाठीशी, म्हणजे आधी दुःख पिकवून मग सुख. पण हॉलंडचा वारा ग्रीकांनी कुठे बघितला होता? काका दहा किलोमीटर जाऊन वळेपर्यंत तोही वळायचा. काका ओलेचिंब, लाल नाकाने परत यायचे आणि जिन्यात भेटले की सांगायचे, "आज दुसरी जाऊ आलीच नाही गं. मोठी दोन्ही वेळा."

मंडळाच्या पाडव्याला एकदा कुणीतरी चुकून त्यांना बोलायला सांगितलं. विषय, सुखी जीवन. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, आठ-दहा कुटुंबं, मागच्या टेबलावर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि आदल्या दिवसापासून चक्का टांगून केलेलं श्रीखंड. काका जेवणाआधी दहा मिनिटं बोलणार होते. पंचेचाळीस मिनिटं झाली तरी आजोबांच्या पायातली बेडी निघाली नव्हती. शेवटी साडेतीन वर्षांची एक परकरातली मुलगी खुर्चीवर उभी राहिली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात डचमध्ये ओरडली, "इक हेब होंगर!" मला भूक लागलीये!

लोक हसले. काका गंभीर झाले. "किती? पोटाला लागलीये की डोक्यात?"

मुलीला मराठी कळत होतं. तिने परकर वर करून पोटच दाखवलं.

"पिकली," काका म्हणाले. "वाढा."

जेवताना सगळे कबूल करत होते की श्रीखंड असं कधी लागलं नव्हतं. पण पुढच्या वर्षी काकांना बोलायला कुणी सांगितलं नाही.

काकांची बायको पुण्यात राहायची, हे सगळ्यांना माहीत होतं. का राहते हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. बंगला सोडवत नाही म्हणून, सासूबाई आहेत म्हणून, आणि बायकांच्या घोळक्यात, "असल्या माणसाबरोबर कोण राहील?" म्हणून. मीही एकदा यावर हसले होते. काका रोज दुपारी एकला कॅन्टीनमधून उठून, कार्डावरचे लांबलचक आकडे दाबत घरी फोन करायचे, तेव्हा मला वाटायचं, बिचारी! रोज ग्रीक ऐकत असणार.

एकदाच मला ते वेगळे दिसले. ट्रेनमध्ये समोर बसून वाचत होते. अचानक पुस्तक मिटून त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं, "खोटारडा!"

"कोण?"

"बागवाला. म्हणतो, जे दुखणं मोठं असतं ते फार दिवस टिकत नाही, आणि जे टिकतं ते फार मोठं नसतं." त्यांचा आवाज चढला होता. समोरच्या डच बाईंनी वर बघितलं. "लिहायला काय जातंय याचं!"

मला वाटलं, हा ग्रीकांचा घरगुती मामला आहे.

मग जूनमधला एक शनिवार आला. सकाळी दहाच्या सुमाराला काकांचा फोन. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "मुग्धा, निखिल घरी आहे का? घाई नाही. पण मी जरा न्हाणीघरात आडवा पडलोय."

आम्ही दोघं धावत वर गेलो. त्यांनी दार कसंबसं उघडून ठेवलं होतं. काका फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते, अंगातला बनियन घामाने भिजलेला, चेहरा राखेसारखा. पाठीतून पोटात कळ येत होती. कळ ओसरली की दोन वाक्यं बोलायचे. "मूतखडा असणार. बागवाल्याला पण हाच होता. असल्या दुखण्यात त्याने मित्राला पत्र लिहिलं म्हणे, की आजचा दिवस आनंदाचा आहे." पुन्हा कळ आली. ती गेल्यावर म्हणाले, "मी कुणाला काही लिहिणार नाहीये."

तिकडे सरळ हॉस्पिटलात जाता येत नाही. आधी हाउसआर्ट्स, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. शनिवारी तो नसतो, म्हणून सुट्टीच्या डॉक्टरांच्या नंबरवर फोन. पलीकडच्या बाई शांतपणे एकेक प्रश्न विचारत होत्या आणि मी ते काकांना सांगत होते. शेवटी त्यांनी विचारलं, दुखणं एक ते दहामध्ये किती?

"चार," काका दात आवळून म्हणाले.

"काका, अहो चार काय? तुम्हाला उठता येत नाहीये!"

"चारच सांग."

चार सांगितलं असतं तर दोन पॅरासिटामॉल आणि सोमवारी फोन करा, एवढंच मिळालं असतं. मी फोनमध्ये नऊ सांगितलं. बाई लगेच म्हणाल्या, घेऊन या.

निखिलने त्यांना चार मजले जवळजवळ उचलूनच खाली आणलं. टॅक्सीत काका माझा हात घट्ट धरून बसले होते. हॉस्पिटलात एका उंच नर्सने पुन्हा तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. काकांनी पुन्हा चार बोटं वर केली. तिने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागदावर स्वतःच्या मनाने काहीतरी लिहिलं.

ती गेल्यावर मी चिडून म्हटलं, "काका, इथे तरी नीट सांगा ना! नऊ म्हणायला काय हरकत आहे? दहा म्हणा!"

"नाही गं," ते डोळे मिटून म्हणाले. "दहा मी बघितलंय."

इंजेक्शन दिल्यावर वीसेक मिनिटांत कळ उतरली. काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. मला वाटलं, आता जावांची गोष्ट सुरू होणार. पण त्यांनी पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाऊण वाजला होता. ते एकदम उठायला लागले.

"मला एक वाजता फोन करायचाय."

नर्सने त्यांना परत आडवं केलं. सोनोग्राफीला न्यायचं होतं, आणि तिथे मोबाइल वापरायला बंदी होती. काकांनी पाकिटातून फोनकार्ड काढून माझ्या हातात कोंबलं. पुण्याचा नंबर तोंडपाठ सांगितला.

"तू कर. पण वीस मिनिटं बोल. कमी नको. मध्ये गप्प बसायचं नाही."

"काय बोलू?"

"काहीही. मूर्खपणाचं बोल. ग्रीक नको, तिला कंटाळा येतो."

"आणि तुमचं? हॉस्पिटलचं सांगू?"

"सांग. खोटं बोललीस की तिला कळतं. पण हसत सांग."

मी बाहेरच्या बागेत एका बाकावर बसून नंबर लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "एक मिनिट उशीर! कुठे कडमडला होतास?"

"काकू, मी मुग्धा. काकांच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर..."

"मुग्धा म्हणजे नळाखाली तोंड धरणारी?"

मी इतकी दचकले की आधी हो म्हटलं आणि मग घाईघाईने काका कसे आहेत ते सांगितलं. इंजेक्शन दिलंय, आता दुखत नाही, काळजीचं काही नाही. काकूंनी चार प्रश्न विचारले, अगदी मुद्द्याचे. मग म्हणाल्या, "बरं. आता फोन स्पीकरवर टाकते हं. शोभा आलीये. शोभा, घे गं सुरू कर. आणि मुग्धा, तू बोल."

"काकू, शोभा म्हणजे?"

"त्याने सांगितलं नाही होय? अगं, मला आमवात आहे, अकरा वर्षं झाली. हाताची बोटं मिटून जातात. ही रोज साडेचारला, म्हणजे तुमच्या एकला येते, हात गरम पाण्यात धरते आणि एकेक बोट सरळ करते. नाही केलं तर कायमची मिटतील. एकदा तिकडे यायचं ठरवलं होतं आम्ही. तिथली थंडी, तुमचे ते जिने... डॉक्टरच नको म्हणाले." त्यांचा आवाज मध्येच तुटला. श्वास आत ओढल्याचा आवाज आला, आपण गरम तव्याला हात लागल्यावर ओढतो तसा. "बोल गं. थांबू नकोस."

मी बोलायला लागले. काय बोलले ते मला धड आठवतही नाही. काका फरशीवर पडून बागवाल्याला नावं ठेवत होते ते सांगितलं. उंच नर्सची नक्कल केली. काकांनी तिच्यापुढे चार बोटं कशी वर केली ते सांगितलं, त्यानंतर ते मला काय म्हणाले ते सांगितलं नाही. टॅक्सीवाल्याला निखिलने गडबडीत मराठीत पत्ता सांगितला आणि तो बरोबर पोचला, यावर काकू पहिल्यांदा हसल्या. मध्ये मध्ये शोभाचा आवाज येत होता, "आता मधलं, ताई," "झालं झालं," आणि त्या प्रत्येक आवाजानंतर मी जास्त जोरात बोलायचे.

"आता करंगळी," शोभा म्हणाली.

काकू काहीच बोलल्या नाहीत. मला समजलं की ही सगळ्यात वाईट असणार. माझ्याकडचे विषय संपले होते. म्हणून निखिललाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. सायकल शिकताना मी एका म्हाताऱ्या डच आजोबांच्या अंगावर गेले. 'सॉरी' म्हणायच्या ऐवजी घाबरून मला येणारा एकमेव डच शब्द तोंडातून निघाला, "लेकर!" आजोबा टोपी शोधत उठले, टोपी घातली आणि मला म्हणाले, मॅडम, माझं लग्न झालंय.

काकू हसल्या. मोठ्याने, ठसका लागेपर्यंत. मागे शोभाही हसत होती. "झाली ताई, झाली," ती म्हणत होती.

हसू ओसरल्यावर काकू म्हणाल्या, "छान सांगतेस. तो पण आता बराच शिकलाय."

"काका तर आधीपासूनच..."

"छे गं! इथे होता तेव्हा इतका गंभीर माणूस. जेवताना पण यंत्रांचं बोलायचा. तिकडे गेल्यावर फोनवर बोलायला काही सुचेना, तेव्हा याने वेडेपणा करायला सुरुवात केली. लोकांना पाणी देत नाही, वाऱ्यात सायकल चालवतो. रोज दुपारी मला सांगायला नवं काहीतरी हवं ना. त्याला वाटतं मला कळत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "तू पण त्याला सांगू नकोस हं, मला कळतं ते. नाहीतर लाजेल आणि बंद करेल."

मी वॉर्डात परत आले तेव्हा काकांना सोनोग्राफीहून आणलं होतं. खडा छोटा होता, आपोआप पडेल असं डॉक्टर म्हणाले होते. तसा तो सोमवारी पडलाही. काका त्यानंतर वर्षभरच राहिले आणि मग पुण्याला कायमचे परत गेले, तिथे मिळाली ती नोकरी धरून. पण त्या दुपारी त्यांना खड्याची काही पडलेली नव्हती.

"बोललीस? किती वेळ?"

"चोवीस मिनिटं."

"हसली का?"

"दोनदा."

"दोनदा?" ते कोपरावर रेलून उठले. "कधी कधी? शोभा कुठल्या बोटावर होती?"

"पहिल्यांदा मधल्याच्या आधी. दुसऱ्यांदा करंगळीला."

काकांनी चष्मा काढला, चादरीच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"करंगळीला हसली?"

"हो काका. मोठ्याने. ठसका लागला."

त्यांनी उशी पाठीशी घेतली आणि पलंगाच्या कडेची खुर्ची हाताने माझ्याकडे सरकवली.

"बस," म्हणाले. "आता मला सांग. पहिल्यापासून, तिने फोन उचलला तिथपासून. काही गाळू नकोस."

मी बसले आणि सगळं सांगितलं. एकच गोष्ट गाळली.